न परतलेला सेनापती
सदाशिवरावभाऊ : पानिपतावरील मृत्यू आणि पंधरा वर्षे न मिटलेला संशय

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या पायथ्याशी दर वर्षी २ जानेवारीच्या पहाटे माणसे जमतात. १९४३ साली याच दिवशी, याच रानात, आझाद दस्त्याचे नेते भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दिवस ठाऊक आहे, जागा ठाऊक आहे, स्मारक उभे आहे. हुतात्म्यांना वंदन करून माणसे उजाडल्यावर परततात. त्या मृत्यूविषयी कुणाच्या मनात संशय नाही.

त्यानंतर बारा दिवसांनी, १४ जानेवारीला, हरियाणातील पानिपतजवळच्या काला अंब येथे असेच लोक जमतात. १७६१ साली तेथे मराठी फौजेचा अंत झाला. त्या फौजेचा सेनापती सदाशिवरावभाऊ तेथेच पडला, असे इतिहास सांगतो. मात्र त्याच्या समकालीनांपैकी अनेकांनी हा मृत्यू मान्य केला नाही. भाऊ जिवंत आहे, कुठे तरी लपून आहे, आज ना उद्या परतेल, अशी चर्चा पुण्याच्या वाड्यांत, सरदारांच्या छावण्यांत आणि कोकणातल्या किल्ल्यांवर पंधरा वर्षे चालली. आवडत्या कादंबरीमालिकेतील नायक पडला, तरी प्रेत दिसले नाही तोवर तो मेला असे मानायचे नाही, हा आजच्या वाचकांचा हट्ट परिचयाचा आहे. अठराव्या शतकात हाच हट्ट एका राज्याला भोवला. एक परका मनुष्य भाऊ म्हणून उभा राहिला आणि जवळजवळ सारे कोकण काबीज करून बोरघाटापर्यंत पोहोचला. ज्याच्या नावाने हे सारे घडले, त्याचे आयुष्य अवघ्या तीस वर्षांचे होते.

चिमाजीआप्पांचा मुलगा

सदाशिवराव हा चिमाजीआप्पांचा पुत्र आणि थोरल्या बाजीरावांचा पुतण्या. त्याचा जन्म ऑगस्ट १७३० मधला. आई रखमाबाई त्याच्या जन्मानंतर महिन्याच्या आतच वारली. वडील सतत मोहिमांवर असत. आजी राधाबाई आणि चुलती काशीबाई यांच्या देखरेखीखाली हे पोरके मूल वाढले.

चिमाजीआप्पांचे नाव ठाणे जिल्ह्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. १७३९ च्या मे महिन्यात त्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला आणि उत्तर कोकणातील फिरंग्यांची सत्ता मोडून काढली. साष्टी, ठाणे आणि वसईचा सारा पट्टा पेशव्यांच्या अमलाखाली आला. त्या विजयानंतर दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १७४० मध्ये, आप्पा वारले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाजीराव गेले होते. दहा वर्षांच्या सदाशिवरावाच्या डोक्यावरचे दोन्ही आधार एकाच वर्षात नाहीसे झाले. मात्र कोकणातील लोकांच्या मनात आप्पांचे नाव टिकून राहिले. पुढे एका तोतयाने त्याच नावाच्या बळावर कोकणात पाय रोवले, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सदाशिवरावाला राज्यकारभाराचे शिक्षण रामचंद्रबाबा सुखटणकर या अनुभवी मुत्सद्द्याकडून मिळाले. हिशेब, वसुली, करारमदार, फौजेचा खर्च या बाबींत तो लहान वयातच तरबेज झाला. १७४६ साली, सोळाव्या वर्षी, त्याने कर्नाटकावर पहिली मोहीम काढली. महादोबा पुरंदरे आणि सखारामबापू यांच्यासारखी जाणती माणसे सोबतीला होती. त्या मोहिमेत सावनूरच्या नबाबाला मुलूख सोडावा लागला आणि पेशव्यांच्या घरात एक नवा कर्तबगार पुरुष तयार होत असल्याची जाणीव सर्वांना झाली.

कारभारी आणि सेनापती

छत्रपती शाहूमहाराज डिसेंबर १७४९ मध्ये निवर्तले आणि साताऱ्याच्या गादीभोवती कारस्थानांना ऊत आला. १७५० साली यमाजी शिवदेव याने सांगोल्याला बंडाळी उभारली. तिचा बंदोबस्त करण्यासाठी सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांना बरोबर घेऊन तेथे गेला. बंड मोडले आणि सांगोल्याच्या मुक्कामातच नवी व्यवस्था ठरली. राज्याचा प्रत्यक्ष कारभार त्यानंतर साताऱ्याहून पुण्याकडे सरकला. मराठी राज्याच्या घटनेतील हा मोठा बदल वीस वर्षांच्या तरुणाच्या हातून घडला.

घरात मात्र सारे सुरळीत नव्हते. चुलतभाऊ नानासाहेब पेशव्यांजवळ महादोबा पुरंदरे यांचे वजन मोठे होते आणि कारभारात भाऊला हवे ते स्थान मिळत नव्हते. भाऊने कोल्हापूरच्या छत्रपतींकडे पेशवेपद मिळवण्याची तयारी दाखवली, तेव्हा घर फुटण्याची वेळ आली. अखेर महादोबांनी कारभारातून अंग काढून घेतले आणि ती जागा भाऊला मिळाली. त्यानंतरची दहा वर्षे पुण्याचा कारभार त्याच्या हातात होता. नानासाहेबांनी माणसे सांभाळावीत आणि भाऊने कागद सांभाळावेत, अशी ही वाटणी होती. भाऊ हिशेबाला कठोर होता. सरदारांच्या थकबाक्या तो विसरत नसे. त्यामुळे त्याचे शत्रूही वाढले. त्याचा स्वभाव ताठ आणि तोंड फटकळ असल्याच्या तक्रारी जुन्या लिखाणात वारंवार आढळतात.

लष्करी बाबतीत मात्र तो काळाच्या पुढे पाहत होता. फ्रेंच सेनानी बुसी याच्या कवायती फौजेने आणि तोफखान्याने दक्षिणेत काय घडवले, हे त्याने जवळून पाहिले होते. त्या पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी त्याने आपल्या पदरी घेतला. ऑक्टोबर १७५९ मध्ये भाऊवर पुण्यात प्राणघातक हल्ला झाला. कटाचा सूत्रधार मुजफ्फरखान गारदी याला देहान्त शिक्षा झाली. या प्रसंगातून बरा होताच भाऊ निजामावर चालून गेला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या मोहिमेत निजाम पुरता कोंडला गेला. इब्राहिमखानाच्या तोफांनी आपले काम केले होते. तहात निजामाने सुमारे ६० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बुऱ्हाणपूर ही ठिकाणे सोडली. एवढे मोठे यश मराठी फौजेला दक्षिणेत क्वचितच मिळाले होते. त्या वेळी भाऊचे वय होते एकोणतीस.

उत्तरेची वाट

उदगीरचा आनंद फार दिवस टिकला नाही. १० जानेवारी १७६० रोजी यमुनाकाठच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते आणि अहमदशहा अब्दाली दिल्लीच्या दारात बसला होता. उत्तरेची मागची मोहीम राघोबादादांनी केली होती. त्यांनी पंजाबपर्यंत घोडी नेली, पण परतताना कर्जाचा डोंगर आणला. नवी मोहीम कोणाला द्यायची याची खल परतूडच्या मुक्कामी झाली आणि भाऊची निवड झाली. पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव नावाला मुख्य म्हणून बरोबर निघाला. मार्च १७६० च्या मध्यास फौजेने उत्तरेकडे कूच केले. भाऊची पत्नी पार्वतीबाई सोबत होती. ती पेणच्या कोल्हटकर घराण्यातली, भाऊची दुसरी पत्नी. पहिली पत्नी उमाबाई १७५० साली वारली होती.

फौजेबरोबर हजारो बुणगे, बायकामुले आणि यात्रेकरू होते. पावसाळ्यात नद्यांनी वाट अडवली. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली, पण तिजोरीत पैसा आला नाही. फौजेचा पगार भागवण्यासाठी भाऊने दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून नाणी पाडली. भरतपूरचा सूरजमल जाट साथ सोडून निघून गेला. अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेऊन भाऊने दत्ताजींच्या मृत्यूचा सूड घेतला खरा, पण त्याच सुमारास बागपताजवळ यमुना ओलांडून अब्दाली मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन उभा राहिला. परतीची वाट बंद झाली.

नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही फौजा पानिपतावर समोरासमोर होत्या. डिसेंबरात भाऊचा उजवा हात असलेले बळवंतराव मेहेंदळे एका झटापटीत मारले गेले. अब्दालीची रसद तोडणारे वयोवृद्ध गोविंदपंत बुंदेले गाफील असताना गाठले गेले आणि ठार झाले. दक्षिणेशी पत्रव्यवहार तुटला. धान्य संपले, जनावरे मरू लागली. उपाशी मरण्यापेक्षा लढून मार्ग काढावा, असा निर्णय छावणीत झाला आणि १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी मराठी फौज बाहेर पडली.

शेवटचे काही तास

दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकलेले होते. इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी फोडली. मधल्या फळीत स्वतः भाऊने हुजुरातीनिशी अब्दालीच्या वजिराला मागे रेटले. मग अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज पुढे काढली. त्याच गर्दीत विश्वासरावाला गोळी लागली. अठरा वर्षांचा तो मुलगा पेशव्यांचा वारस होता आणि त्याला सुखरूप परत नेण्याची जबाबदारी भाऊवर होती. त्याचे प्रेत हत्तीवर ठेवून भाऊ खाली उतरला, घोड्यावर बसला आणि शत्रूच्या गर्दीत शिरला.

पुढचे सारे वाद येथून निर्माण झाले. अंबारीत भाऊ दिसेनासा झाल्यावर फौजेला सेनापती पडल्याचे वाटले आणि पळापळ सुरू झाली. भाऊला त्यानंतर घोड्यावर लढताना कोणी पाहिले, कोणी जखमी अवस्थेत पाहिले, कोणी पाहिलेच नाही. संध्याकाळपर्यंत रणांगणावर प्रेतांचे ढीग पडले होते. विश्वासरावाचे प्रेत ओळखू आले. भाऊचे मात्र तसे आढळले नाही.

शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला काशीराज पंडित हा महाराष्ट्रीय गृहस्थ या घटनेचा जवळचा साक्षीदार. त्याने फारसीत लिहिलेल्या वृत्तान्तानुसार लढाईनंतरच्या शोधात एक शिरविरहित धड सापडले. शरीरावरील खुणांवरून ते भाऊचे असल्याचे ओळखीच्या माणसांनी सांगितले. शीर नंतर वेगळे मिळाले. शुजाउद्दौलाच्या रदबदलीने हिंदू पद्धतीने अग्निसंस्कार झाले. बहुतेक इतिहासकार हा पुरावा पुरेसा मानतात. मात्र धड एकीकडे आणि शीर दुसरीकडे, ओळख पटवणारे पराभूत पक्षाचे कैदी आणि अग्नी देणारे परके, अशा स्थितीत पुण्याच्या माणसाला त्यावर शंका घेण्यास पुरेशी जागा होती.

बातम्यांचा गोंधळ

नानासाहेब मदतीला निघून माळव्यात आले होते. तेथेच त्यांना पराभवाची वार्ता मिळाली. विश्वासरावाविषयी शंका उरली नाही, पण भाऊविषयीच्या बातम्या परस्परविरोधी होत्या. तो जखमी होऊन निसटला, कोणा जमीनदाराने त्याला आश्रय दिला, तो गोसाव्याच्या वेषात फिरत आहे, असे लोक सांगत होते. हे सर्व ऐकत नानासाहेब पुण्याला परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर मरण पावले. मुलगा आणि भाऊ एकाच दिवशी गमावल्याचे दुःख त्यांना सोसले नाही.

अफवांना बळ मिळण्यास कारणही होते. पानिपतावरून माणसे खरोखरच परतत होती. पार्वतीबाई विश्वासू माणसांच्या सोबतीने दक्षिणेत पोहोचली. तरुण नाना फडणीस अंगावरच्या कपड्यांनिशी, जंगले तुडवत परतला. त्याची आई मात्र त्या गर्दीत कायमची हरवली. महादजी शिंदे पायावर घाव झेलून पडले होते. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना बैलावर घालून दूर नेले, म्हणून ते वाचले. मेले म्हणून ज्यांच्यासाठी घरात रडारड झाली, असे कित्येक जण महिन्या-दोन महिन्यांनी दारात उभे राहिले. असे होत असताना भाऊच तेवढा येणार नाही, असे कोण मानणार?

हरियाणातील रोहतक जिल्ह्यात सांघी नावाचे गाव आहे. तेथील परंपरेनुसार जखमी भाऊ लढाईनंतर त्या गावात आला, गावकऱ्यांनी त्याला आसरा दिला आणि पुढे नाथपंथाची दीक्षा घेऊन तो तेथेच राहिला. त्याच्या नावाचा डेरा आजही तेथे आहे. इतिहासकारांनी ही परंपरा पुरावा म्हणून स्वीकारलेली नाही. मात्र सह्याद्रीच्या माणसाला ती अगदीच अनोळखी वाटणार नाही. मुरबाडच्या रानात सिद्धगडाशेजारी गोरखगड आणि मच्छिंद्रगड उभे आहेत. सत्ता आणि नाव टाकून जोगी झालेल्या माणसांच्या कथा नाथ-सिद्धांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. पराभूत सेनापती जोगी झाला, ही कल्पना त्या काळच्या माणसाला सहज पटणारी होती.

सुखलाल नावाचा भाऊ

लढाईनंतर तीन-चार वर्षांत बुंदेलखंडाच्या परिसरात एक मनुष्य सदाशिवरावभाऊ म्हणून वावरू लागला. तो कनौजकडचा ब्राह्मण होता. त्याचे नाव सुखलाल. चेहरा आणि बांधा भाऊसारखा होता. प्रथम लोकांनीच त्याला भाऊ म्हटले आणि मग त्याने ते नाव घेतले, असे सांगितले जाते. काही माणसे आणि थोडी फौज त्याच्याभोवती जमली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्याला पकडून पुण्यास आणवले. १७६५ च्या सुमारास चौकशी झाली आणि तो तोतया ठरला. त्याला ठार न मारता कैदेत ठेवण्यात आले. एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर हलवत अखेर त्याची रवानगी रत्नागिरीच्या किल्ल्यावर झाली. जनकोजी शिंदे पानिपतानंतर शत्रूच्या हाती पडून मारले गेले होते. त्यांच्याही नावाने पुढे तोतया उभा राहिला. पानिपताने रिकाम्या केलेल्या जागा अशा रीतीने भरल्या जात होत्या.

माधवरावांच्या हयातीत या प्रकरणाने डोके वर काढले नाही. राज्य सावरले होते आणि लोकांना मेलेल्या भाऊची गरज भासत नव्हती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. गादीवर एप्रिल १७७४ मध्ये जन्मलेले सवाई माधवराव हे तान्हे मूल होते आणि कारभार बारभाईंच्या हाती होता. साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात बळकावली होती. घरात कर्ता पुरुष उरला नव्हता. अशा वेळी रत्नागिरीच्या तुरुंगातील कैद्याकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले.

१७७६ च्या आरंभी रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने सुखलालला मुक्त केले आणि भाऊसाहेब म्हणून त्याचा जयजयकार केला. परांजपे स्वतः फसला होता की त्याने जाणूनबुजून हा डाव मांडला, यावर मतभेद आहेत. परिणाम मात्र झपाट्याने दिसले. काही महिन्यांत त्याच्याभोवती सुमारे २० हजार माणसे जमल्याचे सांगितले जाते. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्या स्वाधीन झाले. अनेक ठिकाणी लढाईही झाली नाही. चिमाजीआप्पांचा मुलगा परतला, एवढे सांगणे पुरे होते. ज्या मुलखाने बापाचे शौर्य पाहिले, त्याने मुलासाठी दरवाजे उघडले. पावसाळ्यानंतर तोतया बोरघाटाच्या तोंडाशी आला आणि त्याने राजमाचीचा किल्ला घेतला. सिद्धगडाकडून दक्षिणेला भीमाशंकर आणि कर्जतकडे जाणारी जी सह्यधार, तिच्यावरच राजमाची आहे. घाट चढला की पुणे दोन मजलांवर होते.

परतलेल्यांनी रोखलेली वाट

पुण्यात त्या वेळी नाना फडणीस आणि सखारामबापू होते. तोतयाशी बोलणी करत असल्याचा देखावा करून त्यांनी त्याला बोरघाटाजवळ थांबवून ठेवले आणि फौजा जवळ आणल्या. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी अचानक हल्ला केला. तोतयाची फौज उधळली गेली आणि तो कोकणात पळाला. आश्रयाच्या शोधात तो समुद्रमार्गाने निघाला असता कुलाब्याच्या रघूजी आंग्रे यांनी त्याला पकडले आणि पुण्याच्या स्वाधीन केले.

या शेवटाकडे पाहताना एक गोष्ट नजरेत भरते. तोतयाचा डाव मोडणारे दोन प्रमुख पुरुष, नाना आणि महादजी, हे दोघेही पानिपतावरून जीव वाचवून परतलेले होते. भाऊ त्यांचा सेनापती होता. भाऊ खरोखर परतला असता तर त्याच्यापुढे त्यांनाच प्रथम उभे राहावे लागले असते. त्यांनी तो दिवस पाहिला होता आणि त्यातून कोण येऊ शकेल व कोण येणार नाही, याची त्यांची खूणगाठ पक्की होती. बारभाईंच्या विरोधकांना हेच नेमके संशयास्पद वाटे. सत्ता हातची जाऊ नये म्हणून नाना खऱ्या भाऊला खोटे ठरवत आहे, अशी कुजबुज होती. त्यामुळे चौकशी उघडपणे होणे भाग होते. भाऊला जवळून ओळखणाऱ्या माणसांच्या साक्षी घेण्यात आल्या. कैदी पुन्हा तोतया ठरला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. त्याला साथ देणाऱ्यांना कैद आणि दंड झाले.

जगात अन्यत्रही असे घडले आहे. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन १५७८ साली मोरोक्कोतील लढाईत पडला. त्याच्या मृत्यूची खात्री प्रजेला पटली नाही आणि पुढे त्याच्या नावाचे चार तोतये निघाले. कोकणातील बंडाच्या अगदी आधी, १७७३ मध्ये, रशियात पुगाचोव नावाच्या कोसॅकाने आपण मृत झार तिसरा पीटर असल्याचे जाहीर केले आणि राज्य हादरवले. जानेवारी १७७५ मध्ये मॉस्कोत त्याचा शिरच्छेद झाला. आपल्याकडे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या १९४५ मधील मृत्यूविषयी तीन वेळा चौकशी झाली, तरी चर्चा संपली नाही. राज्य हरलेले असते, माणसे भांबावलेली असतात आणि प्रेत नीट दिसलेले नसते, अशा ठिकाणी हे घडते.

पार्वतीबाईंचे कुंकू

या सर्व प्रकरणात ज्या एका व्यक्तीसाठी हा प्रश्न राजकारणाचा नव्हता, ती पार्वतीबाई. पानिपताहून परतल्यावर तिने पतीचा मृत्यू स्वीकारला नाही. तिने कुंकू पुसले नाही आणि वैधव्याची कोणतीही खूण अंगावर घेतली नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरात, तेही पेशव्यांच्या वाड्यात, ही साधी गोष्ट नव्हती. सणवार, हळदीकुंकू, पंगत, प्रत्येक ठिकाणी तिचे स्थान काय, हा प्रश्न उभा राहत असणार. तरी वाड्याने तिचा मान राखला. नारायणरावांच्या खुनानंतर गरोदर गंगाबाईंना सुरक्षिततेसाठी पुरंदरावर हलवण्यात आले, तेव्हा सोबतीला पार्वतीबाईच गेली. बारभाईंनी ज्या मुलाच्या नावाने राज्य चालवले, त्याच्या जन्माच्या वेळी ती जवळ होती.

तोतया दोनदा उभा राहिला आणि दोनदा खोटा ठरला. भाऊ परतावा, असे जिला मनापासून वाटत होते, तिच्यासाठी या प्रत्येक चौकशीचा अर्थ काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. सुखलाल खोटा ठरला म्हणून भाऊ मेला, असे तिने मानले नाही. १७८३ साली तिचा मृत्यू झाला, तोही सुवासिनी म्हणून. पानिपतानंतर बावीस वर्षे ती वाट पाहत राहिली.

दोष आणि न्याय

भाऊविषयी इतिहासात दोन टोकांची मते आढळतात. जदुनाथ सरकारांसारख्या अभ्यासकांनी त्याच्या उत्तरेच्या अज्ञानावर आणि ताठ स्वभावावर बोट ठेवले. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पानिपत : १७६१’ या ग्रंथात त्याची बाजू हिरिरीने मांडली. विश्वास पाटील यांच्या १९८८ मधील ‘पानिपत’ कादंबरीने तो मराठी घराघरांत नेला. २०१९ मध्ये आशुतोष गोवारीकर यांच्या चित्रपटामुळे नव्या पिढीला त्याचे नाव कळले. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहून त्याच्या नावाने झालेल्या फसवणुकीलाही रंगभूमीवर आणले. पुण्याची सदाशिव पेठ त्याचेच नाव मिरवते, याची आठवण मात्र तेथून रोज जाणाऱ्यांना असतेच असे नाही.

त्याच्या चुका मोठ्या होत्या. रसदेची वाट राखता आली नाही, बायकामुलांचा आणि यात्रेकरूंचा काफिला मागे ठेवता आला नाही आणि विश्वासराव पडताच सेनापतीने हत्ती सोडला. शेवटच्या चुकीमागे काय होते, हे समजून घेताना वीस वर्षांपूर्वीचा दहा वर्षांचा पोरका मुलगा डोळ्यांपुढे येतो. ज्या घराने त्याला वाढवले, त्या घराचा मुलगा त्याच्या देखरेखीखाली मारला गेला होता. हे सांगायला पुण्याला परत जायचे, की तेथेच लढून संपायचे, हा निर्णय त्याने त्या क्षणी घेतला असावा. ज्या माणसाने परतायचे नाही असे ठरवले, त्याच्याच परतण्याची वाट एका राज्याने पंधरा वर्षे पाहिली आणि त्याच्या पत्नीने बावीस वर्षे.

सिद्धगडाच्या पायथ्याशी २ जानेवारीला जमणाऱ्यांच्या हातात फुले असतात. काला अंब येथे १४ जानेवारीला महाराष्ट्रातून जाणारेही फुले नेतात. मकरसंक्रांतीच्या सुमाराचे ते दिवस असतात आणि महाराष्ट्रात घरोघरी सुवासिनी एकमेकींना हळदीकुंकू लावत असतात. पार्वतीबाईच्या कपाळीही ते दर वर्षी, शेवटपर्यंत, लागत राहिले.